पात्रता आणि क्रमांक

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घ्यायला फारसे काही लागत नाही. शालेय शिक्षण पुरे झाले असले की बहुतेक ठिकाणी काम भागते. चाळिशीत नोकरी गेलेला गृहस्थ, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी आई, चार वर्षांच्या विद्यापीठाची फी न झेपणारा अठरा वर्षांचा मुलगा, अशा सगळ्यांसाठी ही कॉलेजे आहेत आणि कुणालाही परत न पाठवणे हा त्यांचा अभिमानाचा विषय आहे. पण त्याच आवारात रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजीचा, म्हणजे एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ घडवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि तिथे हा उदारपणा संपतो. कॉलेजात नाव दाखल झाले म्हणजे या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला असे होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी छाननी, वेगळी गुणपद्धती. शरीररचना, शरीरक्रिया, बीजगणित, वैद्यकीय परिभाषा, इंग्रजी निबंधलेखन हे विषय आधी पुरे करायचे, प्रत्येकात किमान ‘सी’ मिळवायचा आणि मग मोजक्या जागांसाठी रांगेत उभे राहायचे. पात्र ठरलेले अर्ज जागांपेक्षा बरेच जास्त असतात. प्रश्न असा की या पात्र लोकांतून निवड कशी करावी. माझे म्हणणे सरळ आहे: पात्रतेची रेषा कडक असावी, ती सगळ्यांना माहीत असावी आणि ती ओलांडलेल्यांमध्ये सोडत काढावी. दशांशाने लावलेला क्रम दिसायला न्याय्य असतो, पण त्यातून जे कळते असे आपण मानतो ते प्रत्यक्षात कळत नाही.

जागा कमी का, हे आधी पाहायला हवे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मागणी एवढी असेल तर कॉलेजने आणखी एक वर्ग काढावा, चार बाके वाढवावीत. पण इथे बाकांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो रुग्णालयातल्या एक्स-रेच्या खोल्यांचा आणि त्या खोल्यांत शिकवू शकणाऱ्या माणसांचा. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था शिकागोत आहे. जेआरसीईआरटी या नावाने ती ओळखली जाते. तिचा नियम असा की रुग्णालयात एका विद्यार्थ्यामागे एक पात्र तंत्रज्ञ असलाच पाहिजे. एखादी तपासणी विद्यार्थ्याला जमते हे सिद्ध होईपर्यंत तो तंत्रज्ञ खोलीत हजर राहतो, डॉक्टरांची मागणी आणि विद्यार्थ्याची तयारी यांचा मेळ बसतो का ते बघतो, पेशंटची अवस्था जोखतो आणि निघालेली चित्रे स्वतः तपासून मंजूर करतो. पुढे विद्यार्थ्याचा हात बसला तरी एक बंधन शेवटपर्यंत सुटत नाही. चित्र बिघडले आणि तेच पुन्हा काढायची वेळ आली, तर विद्यार्थी कितीही तयार असो, पात्र तंत्रज्ञ शेजारी उभा असल्याशिवाय दुसऱ्यांदा बटण दाबता येत नाही. पहिल्या चित्राचे किरण पेशंटला निदानासाठी दिलेले असतात, दुसऱ्याचे कुणाच्या तरी चुकीमुळे. ती चूक दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून हा पहारा. असा नियम असलेल्या व्यवसायात जागा वाढवणे म्हणजे रुग्णालयांशी नवे करार करणे आणि शिकवायला वेळ असलेले तंत्रज्ञ शोधणे. ते काम सावकाश होते, म्हणून जागांची टंचाई खरी आहे. निवड टळत नाही.

निवडीच्या रीती कॉलेजागणिक बदलतात, पण सर्वांत रूढ रीत गुणांकनाची. आवश्यक विषयांची ग्रेड पॉइंट सरासरी घ्यायची, तिला गुण द्यायचे. नर्सिंग आणि तत्सम अभ्यासक्रमांसाठी घेतली जाणारी टीज नावाची चाचणी असेल तर तिचे गुण. आधीची पदवी असेल, रुग्णालयात काम केले असेल, तर काही ठिकाणी त्याचेही. सगळ्यांची बेरीज करून वरून खाली यादी लावायची आणि जागा संपल्या की रेघ मारायची. रेघेच्या वर ३.७२ सरासरीची मुलगी असते आणि लगेच खाली ३.६८ चा मुलगा. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र नवे नाही. गुणवत्ता यादी, कट-ऑफ, दुसरी फेरी, तिसरी फेरी हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत जून-जुलैमध्ये चहाबरोबर घोळवले जातात. २०२४ च्या नीट परीक्षेत आधी ६७ जण पैकीच्या पैकी गुण मिळवून पहिले आले होते. वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयात निश्चित झाले आणि अखेर पहिले फक्त १७ उरले. विद्यार्थी तेच, त्यांचा अभ्यास तोच, आणि यादी वेगळी. क्रम लावणारे यंत्र किती नाजूक असते, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिले.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते जवळून बघू. रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या ऐंशीच्या बाईंना स्ट्रेचरवरून आणतात. खुब्याचे हाड मोडल्याची शंका आहे. एरवी खुब्याचा एक्स-रे काढताना पाय पंधरा-वीस अंश आत वळवतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीने दिसते. पण मोडल्याची शंका असताना तो पाय वळवणे म्हणजे इजा वाढवणे. म्हणून दुखरा पाय आहे तसाच राहू द्यायचा. बाजूने चित्र हवे असेल तर चांगला पाय वर उचलून आधारावर ठेवायचा, किरणांचा झोत आडवा सोडायचा आणि ग्राहकपट्टी दुखऱ्या बाजूला मांडीच्या मानेशी समांतर उभी करायची. डावे-उजवे दाखवणारी शिशाची खूण चुकता कामा नये. हे सगळे चालू असताना बाई कण्हत असतात, मुलगा दाराशी येऊन “आणखी किती वेळ?” म्हणून विचारत असतो, बाहेर आणखी तीन स्ट्रेचर असतात. या पाच-सात मिनिटांत शरीररचना लागते, भौतिकशास्त्र लागते, हाताची हळुवारता लागते, आवाजातला धीर लागतो. आणि सर्वांत जास्त लागतो तो दिवसातल्या विसाव्या पेशंटलाही पहिल्याइतकाच सावधपणा. यातले पहिले दोन गुण कॉलेजातल्या परीक्षेत मोजता येतात. उरलेले तीन प्रवेश अर्जाच्या कुठल्याही रकान्यात मावत नाहीत.

म्हणून गुण निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाई होते, हे ज्याला पाठ आहे पण कळलेले नाही, तो छातीचा एक्स-रे सहा फुटांऐवजी तीन फुटांवरून काढायची वेळ आली की गडबडेल. शरीरक्रियेच्या पहिल्याच पेपरात जो अडखळतो त्याला पुढे सीटी स्कॅनमधला आडवा छेद वाचता येणार नाही. त्यामुळे ‘सी’ची अट, काही कॉलेजांनी घातलेली ‘बी’ची अट, विज्ञानाचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच हवेत ही अट, या सगळ्यांना अर्थ आहे. अमुक एका पातळीखाली माणूस या अभ्यासक्रमात टिकणार नाही, हे गुण नीट सांगतात. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. पातळी ओलांडलेल्या दोघांपैकी कोण चांगला तंत्रज्ञ होईल, हे दशांश सांगतात का?

या प्रश्नाला शेजारच्या क्षेत्रातला एक ठोस पुरावा आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेल्या प्रयोगातून आलेला नाही. १९७९ साली ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मुलाखतींवरून सुमारे ८०० उमेदवारांचा क्रम लावला आणि वरच्या भागातून १५० जण घेतले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने हुकूम काढला की वर्ग २०० चा करा. तोवर वरचे उमेदवार इतरत्र गेलेले. उरले होते ते यादीच्या तळाचे, ७०० ते ८०० क्रमांकांमधले. त्यांतून ५० जण घ्यावे लागले. यातल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतले नव्हते. पुढे दोन्ही गटांची कामगिरी तपासली गेली आणि १९८७ मध्ये ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. गळती, पहिल्या वर्षांचा अभ्यास, रुग्णालयातली वर्षे, पदवीनंतरचे पहिले वर्ष, कशातही दोन गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. हे सगळे किमान पात्रता असलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पात्रतेला किंमत नाही असे या घटनेतून निघत नाही. पात्र लोकांमध्ये अनुभवी माणसांनी मन लावून लावलेल्या क्रमाला फारशी किंमत नव्हती, एवढे मात्र निघते.

हाच दाखला मुलाखतीच्या कैवाऱ्यांनाही उत्तर देतो. गुणांतून धीर आणि हळुवारपणा कळत नसेल तर मुलाखत घ्या, असे सुचवले जाते. ह्यूस्टनला नेमके तेच झाले होते. अर्ध्या तासाच्या संभाषणात जे चमकते ते बोलण्याचे कौशल्य, आणि ते बहुधा सुशिक्षित घरातून आलेले असते. ज्याचे इंग्रजी अजून अडखळते, जो परक्यासमोर अवघडतो, तो पेशंटजवळ अत्यंत मृदू असू शकतो. मुलाखतीत ते दिसत नाही. काही कॉलेजे अर्जदाराला एक्स-रे विभागात काही तास नुसते उभे राहून काम बघायला लावतात. ही अट मला मुलाखतीपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते, कारण तिथे निवड उमेदवार स्वतः करतो. रक्त, उलटी, मळलेली चादर, अंगावरचे जड शिशाचे एप्रन आणि रात्रपाळी पाहून ज्याला परत जायचे आहे तो तिथूनच परत जातो.

सोडतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप कष्टांचा आहे. ज्या मुलीने शरीरक्रियेत ‘ए’ मिळवायला रात्री जागवल्या तिला आणि कसाबसा ‘बी’ काढलेल्याला एकाच भांड्यातल्या चिठ्ठ्या करणे हा कष्टांचा अपमान नाही का? नेदरलँड्समध्ये हा वाद देशभर गाजला. तिथे १९७२ पासून वैद्यकीय प्रवेश सोडतीने होत. सोडत भारित होती. चांगले गुण असणाऱ्याची शक्यता जास्त असे, पण खात्री कुणालाच नसे. १९९६ च्या सुमारास दहापैकी साडेनऊच्या वर सरासरी असलेली एक विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा सोडतीत हरली आणि लोकांचा संयम सुटला. नियम बदलला; सरासरी आठ किंवा अधिक असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. पुढे सोडत बंद करून विद्यापीठांना स्वतःची निवडपद्धती ठरवायला सांगितले गेले. त्यावर चाळणीची तयारी करून घेणारे क्लास आणि घरची परिस्थिती यांचा प्रश्न उभा राहिला, आणि २०२३ मध्ये सोडतीचा पर्याय कायद्याने पुन्हा खुला झाला. या साऱ्या फेरफटक्यातून मी एवढेच घेतो की दोन्ही टोकांना जाऊन आलेल्या देशालाही सोडत टाकाऊ वाटलेली नाही. आणि अगदी वरच्या मोजक्यांना थेट प्रवेश द्यायला माझी हरकत नाही. असामान्य उमेदवार ओळखता येतो. भांडण मधल्या गर्दीचे आहे, जिथे ३.७२ आणि ३.६८ शेजारी शेजारी उभे असतात.

त्या गर्दीत दशांश कुठून येतात, हेही बघायला हवे. कम्युनिटी कॉलेजातली एक बाई दिवसा वृद्धाश्रमात काम करून संध्याकाळी बीजगणित शिकते; दुसरा विद्यार्थी आईवडिलांकडे राहून फक्त अभ्यास करतो. दुसऱ्याला ‘बी’ मिळाला तर तो पुन्हा फी भरून तोच विषय घेतो आणि ‘ए’ आणतो. पहिलीला ती चैन नाही. कष्टांचा मान राखायचा तर कुणाचे कष्ट जास्त, हे आधी सांगता आले पाहिजे, आणि सरासरीचा आकडा ते सांगत नाही. प्रतीक्षायादीची पद्धत, म्हणजे पात्र झालेल्याला आलेल्या क्रमाने जागा देणे, वरवर निःपक्षपाती दिसते; पण तिचा फायदा दोन-तीन वर्षे थांबणे परवडते त्यालाच होतो. सोडतीत मात्र दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या टाकता येतात. वाट पाहिल्याची दखल घेतली जाते आणि वाट पाहायला भागही पाडले जात नाही.

दुसरा आक्षेप पेशंटच्या बाजूने येतो: माझ्या आईचा एक्स-रे काढणारा माणूस सर्वोत्तम हवा, चिठ्ठीतून निघालेला नको. भावना रास्त आहे, पण सुरक्षा कुठे राखली जाते याची त्यात गल्लत होते. पेशंटला सांभाळते ती आत शिरल्यानंतरची व्यवस्था: खोलीत उभा असलेला पात्र तंत्रज्ञ, एकेक तपासणी करून दाखवल्यावरच मिळणारी सही, आणि शेवटी एआरआरटीची परीक्षा. मिनेसोटातली ही नोंदणीसंस्था १९२२ साली सुरू झाली. २०१५ पासून तिने परीक्षेला बसायलाच किमान दोन वर्षांची असोसिएट पदवी सक्तीची केली आहे. उमेदवाराच्या गुन्हेगारी नोंदी आणि नीतिमत्ताही ती तपासते. गंमत अशी की या शेवटच्या परीक्षेत क्रमांकाला काही अर्थ नसतो. ७५ हा रूपांतरित गुणांक गाठला की तुम्ही नोंदणीकृत तंत्रज्ञ झालात. ७६ वाल्याच्या आणि ९५ वाल्याच्या नावापुढे लागणारी अक्षरे एकच. ज्या व्यवसायाने पेशंटच्या जिवाशी संबंध येतो त्या टप्प्यावर रेषा पुरेशी मानली, त्याच व्यवसायाने पेशंटपासून दोन वर्षे दूर असलेल्या टप्प्यावर दशांशांचा आग्रह धरावा, ही विसंगती मला पटत नाही. बाहेर पडताना पात्रता पुरते, तर आत शिरताना ती का पुरू नये?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला खरोखर अडचणीचा वाटतो. मधेच कुणी अभ्यासक्रम सोडला तर ती जागा अभ्यासक्रम संपेपर्यंत रिकामी राहते, कारण सगळी तुकडी एकत्र पुढे सरकते आणि मधे भरती होत नाही. गळती कमी करायला वरचे गुण घेणे सोपे, असे कॉलेजे म्हणतात, आणि मान्यतेच्या फेरतपासणीत अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण बघितले जाते हेही खरे. पण मग रेषाच वर सरकवा. ‘सी’वर लोक टिकत नसतील तर ‘बी’ करा, आणि तसे जाहीरपणे लिहा. रेषा खाली ठेवून लोकांना आशा लावायची, एकेक विषयाची फी घ्यायची आणि प्रत्यक्षात ३.७ च्या खाली कुणालाच घ्यायचे नाही, हा जास्त मोठा अन्याय आहे. शिवाय मधे सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जण गुणांमुळे सोडत नाहीत. गाडी बंद पडते, मूल आजारी पडते, पगाराविना रुग्णालयात आठवड्याचे कित्येक तास देणे झेपत नाही. त्यावर इलाज शिष्यवृत्ती आणि पाळणाघर हा आहे.

या ठिकाणी वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या इतिहासातली तीन नावे सांगण्याचा मोह होतो. एक्स-रे शोधणाऱ्या राँटजेनवर शाळेत दुसऱ्या कुणी काढलेल्या व्यंगचित्राचा ठपका आला, शालान्त प्रमाणपत्र हुकले आणि ते नसतानाही १८६५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकने त्याला घेतले. सीटी स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल वाटून घेणारा हाउन्सफील्ड विद्यापीठात कधी गेलाच नाही. एमआरआयसाठी २००३ मध्ये नोबेल मिळालेल्या पीटर मॅन्सफिल्डने पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि तो छापखान्यात कामाला लागला होता. एक्स-रे, सीटी, एमआरआय या तिन्ही यंत्रांमागची माणसे आजच्या गुणयादीत बसली नसती, असे म्हणून टाळ्या घेता येतील. पण हा पुरावा कच्चा आहे. प्रमाणपत्र हुकलेल्या हजारोंपैकी आपल्याला हे तिघेच आठवतात. आणि तंत्रज्ञाचे काम शोध लावण्याचे नाही. ठरलेली गोष्ट दर वेळी चोख करण्याचे आहे. या तिघांच्या गोष्टीतून एवढेच टिकाऊ सत्य हाती लागते की कागद एका वयातली, एका परिस्थितीतली नोंद करतो. त्यावरून पुढचे आयुष्य वाचू नये.

सोडत म्हटले की आपल्याला ती नशिबाची गोष्ट वाटते आणि शिक्षणात नशीब नको असे आपण चटकन म्हणतो. पण म्हाडाच्या घरांची सोडत आपण मान्य केली आहे, शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांची सोडतही मान्य केली आहे. तिथे आपण आधी पात्रता तपासतो आणि मग पात्र लोक जास्त, जागा कमी, हे उघडपणे कबूल करतो. त्या कबुलीतच सोडतीचा खरा गुण आहे. चिठ्ठी निघाली नाही म्हणून कुणी स्वतःला नालायक समजत नाही. ०.०४ ने हुकलेला मात्र समजतो, घरचेही समजतात, आणि तो आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगत नसताना समजतात. नशीब दोन्हीकडे आहे. एका पद्धतीत ते भांड्यात दिसते आणि दुसरीत दशांशाच्या मागे दडलेले असते.

सोडतीने एकही नवी जागा निर्माण होत नाही, हे मान्य. त्यासाठी रुग्णालयांना शिकवण्याचा मोबदला मिळायला हवा आणि शिकवणाऱ्या तंत्रज्ञाच्या कामाच्या तासांतून शिकवण्याचा वेळ वेगळा काढायला हवा. तोपर्यंत टंचाई राहणार. म्हणून कॉलेजांकडून एक छोटी गोष्ट तरी आजच मागावी. नकाराच्या पत्रात दोनपैकी कोणते कारण आहे ते स्पष्ट लिहा: तुम्ही अजून रेषेच्या खाली आहात, अमुक विषय सुधारा, किंवा तुम्ही पात्र आहात, आमच्याकडे जागा नव्हती, पुढच्या वर्षी तुमच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या असतील. पहिले पत्र मिळालेला अभ्यासाला लागेल. दुसरे मिळालेला शेजारच्या कॉलेजातही अर्ज भरेल आणि हा व्यवसाय आपल्यासाठी नाही अशा समजुतीने त्याला पाठ दाखवणार नाही. आज या दोघांनाही एकच पत्र जाते, आणि तंत्रज्ञांची गरज असलेली रुग्णालये त्यातल्या दुसऱ्याला गमावून बसतात.